तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाईलवर सगळं मिळतं, मग सेमिनरी कशाला?

रविवारची उपासना संपली की चर्चच्या पोर्चमध्ये चहाचा कप घेऊन कोणी ना कोणी मला गाठतंच. "पाळकसाहेब, बायबल मोबाईलवर, संदेश यूट्यूबवर, सगळं मिळून राहिलं, मग पोरानं इतकी वर्षं सेमिनरीत काऊन घालवायची? याला काही फ्युचर आहे का?" मागच्या महिन्यात एका आईनं हे विचारलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, मुलगा चांगली नोकरी सोडून सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, बी.डी. ही पदवी करतो म्हणतोय. उभ्याउभ्या काय सांगणार, म्हणून आज सावकाश लिहितोय.

आधी माझं सांगतो. माझं बी.डी. अख्खं इंग्रजीत झालं, पुस्तकं इंग्रजी, पेपर इंग्रजी, उपदेशाची प्रॅक्टिससुद्धा इंग्रजीत. पहिली नेमणूक काटोलकडच्या एका खेड्यात मिळाली आणि तिसऱ्याच आठवड्यात एका घरी जावं लागलं, सतरा वर्षांचा पोरगा विहिरीत पडून गेला होता. आईनं मला एवढंच विचारलं, "माझं लेकरू आता कुठं असंन?" या विषयावर मी वीस पानांचा पेपर लिहिलेला होता, चांगले मार्क मिळाले होते, आणि त्या माऊलीसमोर मराठीत एक वाक्य मला जुळवता आलं नाही. मी तिचा हात धरून बसलो फक्त. माझ्या शिक्षकांवर माझा राग नाही, मनापासून शिकवलं त्यांनी, पण ते शिकवणं तिच्या ओसरीपर्यंत पोचत नव्हतं हे खरं आहे.

याचं वाईट जास्त वाटतं ते विल्यम कॅरी या मिशनऱ्यामुळे. आपल्याकडच्या बऱ्याच सेमिनऱ्यांच्या पदव्या बंगालमधल्या ज्या सेरामपूर कॉलेजच्या नावानं मिळतात, ते १८१८ साली कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या तिघांनी काढलं. हाच कॅरी कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवायचा, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं त्यानं १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, १८१० साली कोश. म्हणजे कॉलेजच्या आधी व्याकरण. लोकांची बोली आधी शिकली आणि मग कॉलेज काढलं. आणि त्याच्या कॉलेजच्या नावाची पदवी घेतलेला मी, मराठी घरात जन्मलेला, मराठीत सांत्वन करू शकत नव्हतो.

आता फ्युचरचं. नवीन काही म्हटलं की लोकांना झूम क्लास आठवतो. झूम चांगलंच आहे, लॉकडाऊनमध्ये आम्हीही वापरलं, पण वर्गाचा व्हिडिओ केला म्हणजे शिक्षण नवीन झालं असं मला वाटत नाही. माझ्या मते खरी नवी गोष्ट १९६३ साली ग्वाटेमालात झाली. तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीत लक्षात आलं की शिकलेली मुलं खेड्यात परत जात नाहीत, आणि खेड्यातली मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, खरोखर सांभाळणारी माणसं शेती-लेकरं सोडून शिकायला येऊ शकत नाहीत. मग शिक्षकच बाहेर पडले, घरी अभ्यासायची पुस्तकं तयार केली, ठरलेल्या दिवशी गटात बसून चर्चा. आपल्याकडे १९७१ मध्ये बंगळुरूला टॅफ्टी ही घरी राहून बायबल शिकवणारी संस्था याच धर्तीवर सुरू झाली. आणि विदर्भाला हे जास्तच लागतं. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून आपल्या यवतमाळात होती, १९८३ ला पुण्याला गेली, त्यांची कारणं असतील, पण उमरेडच्या अंगणवाडी सेविकेला पुणं तेव्हाही लांब होतं आणि आजही लांबच आहे.

म्हणून आम्ही शनिवारचा वर्ग धरला. संध्याकाळी सातला, दर महिन्यात एकदा नागपुरात सदरला आणि बाकीचे शनिवार कोणाच्या तरी घरी. एक नर्स, एक ऑटोवाले भाऊ, दोन अंगणवाडी सेविका, रेल्वेतून रिटायर झालेले एक काका, आणि उमरेडकडच्या एक काकू ज्यांची चार एकर कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि मधे तूर. जूनमध्ये येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला काढला होता. मी वाटेवरचं बी, खडकाळ जमीन, काटेरी झुडपं असं नेहमीचं समजावत होतो. काकू बऱ्याच वेळ गप्प, मग म्हणाल्या, "साहेब, पाऊस दडी मारते आन पयली पेरणी जाते, मंग दुबार पेरणीचं बी कोण देते? त्या पेरणाऱ्यानं दुसऱ्यांदा पेरलं का नाई, ते का लिवलं नाई?"

खोलीत शांत झालं सगळं. ऑटोवाले भाऊ म्हणाले, "उधार आणलं असंन." नर्स म्हणाली की वॉर्डमध्ये सेकंड केमोला येणारे पेशंट हेच विचारतात, दुसऱ्यांदा ताकद कुठून आणायची. पुढचे दोन तास देव दुबार पेरणी करतो का यावरच गेले, बायबलातला यशया काढला, होशेय काढला, आणि शेवटची प्रार्थना काकूंनी केली. अरविंद निर्मल या आपल्या मराठी धर्मशास्त्रज्ञानं १९८१ साली बंगळुरूला ठासून सांगितलं होतं की दलितांच्या सोसण्यातून ईश्वरविज्ञान उभं राहिलं पाहिजे, त्यातूनच पुढे दलित थिऑलॉजी हे नाव जगभर गेलं. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. कळलं त्या शनिवारी.

मोबाईलचं पण सांगतो, कारण मुद्दा तोच होता. वर्गातल्या एका तरुणानं मयताच्या घरी द्यायचा संदेश एआय कडून लिहून आणला होता. मराठी स्वच्छ, वचनं बरोबर, मी चूक काढू शकलो नाही. मी त्याला विचारलं, गेलेल्या आजी काय करायच्या? त्याला माहीत नव्हतं. मग म्हटलं, आधी जा, त्यांच्या सुनेजवळ अर्धा तास बस, आणि मग लिही. तो गेला. आजी चाळीस वर्षं संडे स्कूलच्या लेकरांना घरून मुरमुऱ्याचे लाडू आणायच्या हे त्याला तिथं कळलं, आणि त्यानं तेवढ्यावरच संदेश दिला, सात-आठ मिनिटं. माहिती आता फुकट आहे, त्यामुळे सेमिनरीनं हे अर्धा तास बसणं शिकवावं, त्याचे मार्क ठेवावेत, त्यासाठी शिक्षकांनी विद्यार्थ्यांबरोबर घरोघरी जावं.

पाळकाला मंडळी चालवावीही लागते, त्या लीडरशिपचं म्हणाल तर आपण नागपूरकर आहोत. २९ नोव्हेंबर १९७० ला याच गावात सहा वेगवेगळ्या चर्चनी आपापली नावं सोडून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया केलं. किती बैठका, किती वर्षं बोलणी झाली असतील त्याआधी! कोणाला तरी आपली खुर्ची मागे सरकवावी लागली असणारच. हे शिकवता येतं, मीटिंग कशी चालवायची, विरोधात बोलणाऱ्याचं पूर्ण कसं ऐकायचं, मंडळीचे हिशोब वेळेवर कसे लिहायचे आणि धर्मादाय आयुक्तांकडे कसे द्यायचे, बायांनी विचारलेल्या प्रश्नाला "नंतर बघू" न म्हणता उत्तर कसं द्यायचं. जमिनीच्या आणि ट्रस्टच्या भांडणांत मंडळ्या फुटताना मी जवळून पाहिल्यात, म्हणून कळकळीनं सांगतो की हिशोबाचा विषय ग्रीक-हिब्रूच्या शेजारी ठेवा. ग्रीक-हिब्रू काढू नका पण, मूळ शब्द माहीत नसला की माणूस स्वतःचंच मत देवाच्या नावावर खपवतो.

तर ताई, तुमच्या मुलाला जाऊ द्या. पाठवण्याआधी एक वर्ष त्याला आमच्या शनिवारच्या वर्गात येऊ द्या, नोकरी चालू ठेवून. तिथं त्याचं मन रमलं तर सेमिनरीचा फॉर्म भरायला मी स्वतः त्याच्यासोबत बसेन, आणि सुट्टीत आला की त्यानं जे इंग्रजीत शिकलं ते काकूंना मराठीत सांगायचं, ही एकच अट. येत्या शनिवारी वर्ग काकूंकडे आहे, गणेशपेठवरून साडेचारची एसटी पकडली की वेळेवर पोचतो, परतीचं ऑटोवाले भाऊ बघतात.