रिकामा ट्रे का अडतो

गेल्या पावसाळ्यात माझ्या सीडी प्लेयरचा ट्रे उघडेनासा झाला. बटण दाबले की आत मोटर घुरघुरायची, ट्रे केसभर हलल्यासारखा वाटायचा आणि पुन्हा जागेवर बसायचा. दुरुस्तीच्या एका दुकानातून ‘मोटर गेली, पार्ट मिळत नाही’ एवढ्या निदानावर तो परत आला. चमत्कारिक बाब अशी, की आत डिस्क असली तर ट्रे बहुतेक वेळा उघडत असे; अडत असे तो रिकामा असताना.

वरचा पत्रा काढल्यावर कोडे उलगडले. ट्रे आत गेला की डिस्क फिरत्या चकतीवर टेकते आणि वरून एक छोटी टोपी लोहचुंबकाच्या जोरावर तिला दाबून धरते. उघडताना मोटरला आधी ही पकड सोडवावी लागते, मगच ट्रे पुढे सरकतो. डिस्क असली तर चुंबकाच्या आड तिची १.२ मिलिमीटर जाडी येते. ती नसली की टोपी आणि चकती आणखी जवळ येतात आणि ओढ बरीच वाढते. मोटर ठणठणीत होती. तिचा जोर दातेरी चाकांपर्यंत नेणारा लहानसा रबरी बेल्ट सैल आणि गुळगुळीत झाला होता, आणि नेमका या पहिल्या झटक्यालाच घसरत होता. लॅमिंग्टन रोडवरून किंचित लहान घेराचा बेल्ट आणला, पुलीवरचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला आणि बोटांचे तेल लागू नये म्हणून चिमट्याने तो चढवला.

या अनुभवानंतरही मी ट्रेच्याच बाजूने आहे, कारण त्याचा आजार बहुधा स्वस्तातला असतो. फटीतून डिस्क ओढून घेणारे यंत्र दिसायला देखणे खरे. पण रबरी रोलरवर बसलेली धूळ प्रत्येक डिस्कवर फिरते, ८ सेंटिमीटरची छोटी डिस्क त्यातल्या अनेकांना चालत नाही, आणि डिस्क अडकली तर सगळे खोलण्यावाचून गत्यंतर नसते. पायोनियरने काही प्लेयरमध्ये ट्रेवरच जवळपास डिस्कएवढी रुंद तबकडी बसवली आणि लेसर वर नेला, त्यामुळे डिस्क थरथरत नाही. मात्र ती छापील बाजू खाली करून ठेवायची असल्याने घरी आलेला प्रत्येक पाहुणा हमखास चुकतो. पाच डिस्कच्या फिरत्या ट्रेविषयी एवढेच सांगतो, की जितकी हलणारी चाके जास्त, तितक्या दुरुस्तीच्या जागा जास्त.

उरला तो वरून झाकण उघडण्याचा प्रकार. सीडी सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून घडवली, तरी घरगुती प्लेयर करताना दोघांचे मार्ग वेगळे झाले: १९८२ मध्ये आलेल्या सोनीच्या सीडीपी-१०१ ला पुढून बाहेर येणारा ट्रे होता, तर फिलिप्सच्या सीडी १०० ला वर झाकण. झाकणाच्या यंत्रात डिस्क आत-बाहेर करणारी मोटर नाही आणि बेल्टही नाही, सगळे काम आपला हात करतो. म्हणून लोडिंग बिघडण्याची शक्यता त्यात सर्वांत कमी. माझ्याकडे असा एक प्लेयर आहे आणि त्याने या बाबतीत कधीही त्रास दिलेला नाही. अडचण आहे ती आमच्या दादरच्या खोलीची. झाकण पुरते उघडायला वर वीतभर मोकळी जागा लागते, आणि भिंतीतल्या कपाटात दोन फळ्यांमध्ये ती नाही. त्यामुळे तो सध्या शिलाई मशीनवर ठेवलेला असतो आणि आईने ब्लाउज शिवायला काढले की तारांसकट पलंगावर जातो.