सिंहांसाठी चितळं मोजली, आले चित्ते

आमच्या शाळेनं यंदा अकरावी बायोलॉजीची ट्रिप मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात काढली आणि सोबत कोण जाणार म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण स्टाफरूममध्ये कुनोचं नाव निघालं की मला आवरावं लागतं हे सगळ्या ग्वाल्हेरला नाही तरी शाळेला तरी माहितीये. जिवाजी युनिव्हर्सिटीतून झूलॉजीत एमएस्सी झाल्यावर मी तिथं एका सर्व्हेत फील्ड असिस्टंट होते. कॉन्ट्रॅक्टवर, पगार यथातथाच. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचं घर, तिथल्या शेजारणी आईला विचारायच्या, मुलगी काय करते, तर आई सांगायची सरकारी कामावर आहे. जंगलात चितळं मोजते म्हटलं असतं तर आलेलं स्थळ परत गेलं असतं.

काम मात्र खरंच तेच होतं. उजाडताना ठरलेल्या सरळ रेषेत चालायचं, कळप दिसला की थांबायचं, जनावरं किती, रेंजफाइंडरवर अंतर किती, होकायंत्रावर कोन किती, लिहायचं आणि पुढं निघायचं. त्यावरून चौरस किलोमीटरला किती चितळं हे काढतात. मोठा शिकारी प्राणी आणायचा तर त्याला खायला काय आहे ते आधी बघायला नको का, पंगतीच्या आधी आचारी पानं किती ते विचारतो तसं.

आणि तो प्राणी म्हणजे सिंह बरं का, चित्ता नव्हे. गीरचे सिंह एकाच भागात, एखादी साथ आली तर सगळेच जायचे, म्हणून दुसरं घर कुनोत. त्यासाठी १९९८ ते २००३ मध्ये आतली २४ गावं उठवली, बहुतेक सहरिया आदिवासींची. आमच्यासोबत रेषेवर चालणारे कक्का त्यातलेच. चालता चालता सलईच्या झाडावर हात ठेवायचे, याचा गोंद माझा बाप काढायचा म्हणायचे, की लगेच पुढं. जाताना लोकांनी गुरं तिथंच सोडलेली, ती पार रानटी झालेली, आम्हाला बघून चितळांच्या आधी तीच उधळायची.

१५ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, सहा महिन्यांत सिंह आणा. चौकीवर कोणीतरी पोहरीहून पेढे आणले, काय विचारता! त्याच निकालात आफ्रिकन चित्ते कुनोत आणायचं मात्र कोर्टानं रद्द केलं होतं. ते आमच्यापैकी कोणी मनावरही घेतलं नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. सिंह आले नाहीत. २०१८ मध्ये अभयारण्याचं नॅशनल पार्क झालं, २०२० मध्ये कोर्टानं चित्त्यांना प्रयोग म्हणून परवानगी दिली आणि १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाचे आठ चित्ते घेऊन विमान उतरलं ते आमच्याच ग्वाल्हेरच्या महाराजपुरा विमानतळावर, तिथून हेलिकॉप्टरनं कुनो. मी त्या दिवशी टीव्हीसमोर बसून होते आणि खरं सांगते, आनंद झाला आणि रागही आला.

तर ट्रिप. टिकटोली गेटवर पोचलो तर कक्का उभे, नातवानं मोटारसायकलवर आणलेलं. नातू चीता मित्र आहे, गावागावात जाऊन लोकांना समजावतो की हा माणसावर येत नाही, दगड मारू नका. कक्का थकलेत पण मला बघून पहिलं वाक्य काय, "बिटिया, नाहर तो आये नईं." नाहर म्हणजे सिंह. जसं काही मीच आणणार होते! जिप्सीत एक सीट रिकामी होती, रीतसर एंट्री करून त्यांना घेतलं. आपल्याच गावात जायला पावती, हे मला बोचलं, त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही.

पोरं चित्ता चित्ता करत होती. दिसला नाही. मग एका मोकळ्या गवताळ जागी कक्कांनी गाडी थांबवायला लावली, म्हणाले इथं आमची ज्वारी असायची, त्या तिकडं विहीर. समोर चितळांचा केवढा तरी कळप. गावं उठल्यावर शेतांची जी कुरणं झाली तिथंच चितळं वाढली हे मी वर्षानुवर्षं वर्गात सांगते, पण शेताचा मालक शेजारी बसलेला असताना सांगायची वेळ पहिल्यांदाच आली, आणि मी गप्पच बसले. एका मुलीनं विचारलं, मॅडम, उद्या सिंह पण आणले तर? मी म्हटलं सिंह चित्त्याची पिल्लं मारतो, आफ्रिकेत मारतोच, शिवाय इथं बिबटे आहेतच. कक्का म्हणाले, आणा की, आता उठवायला कोण राहिलंय. पोरं हसली. मला नाही हसू आलं.

मग मी सगळ्यांना कळप मोजायला लावलं. प्रत्येकाचा आकडा वेगळा. कक्कांचा सगळ्यात जास्त, आणि मी तोच धरला, गवतात बसलेली पाडसं त्यांनाच दिसतात.

शाळेला रिपोर्ट दिला त्यात लिहिलं, चित्ता दिसला नाही, चितळं भरपूर. ऑफिसातून निरोप आला, मॅडम, नोटीस बोर्डासाठी चित्त्याचा फोटो नाहीये का? पोरांनी कळपाचा लावलाय, खाली मार्करनं कक्कांचा आकडा.