मांजरीचा लेप्टो : आधी नमुना, मग गोळी

मांजरीला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार, झाला म्हटलं की आमच्या जळगावकडे लोक हसतात. हा आजार गुराढोरांचा, फार तर कुत्र्याचा, असं सगळे धरून चालतात. पण ठिबकखाली कायम ओल असलेली केळीची बाग, कापसाने भरलेली खोली आणि गोठा, तिन्हीकडे उंदीर असतात आणि उंदरांमागे मांजर. उंदराच्या लघवीतून हा जंतू ओल्या मातीत पडतो आणि तिथे कित्येक आठवडे तग धरतो.

कावीळ होण्याची वाट पाहू नका, आमच्या मांजरीला ती झालीच नाही. घमेल्यातली वाळू रोज चिंब होऊ लागली, पाणी पिणं वाढलं, खाणं सुटलं. बहुतेक मांजरींत तर काहीच दिसत नाही, तरी लघवीतून जंतू जाऊ शकतो. आमच्या मांजरीच्या रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करेनासं झालं की साचणारं द्रव्य) वाढलेलं होतं आणि लघवीची घनता १.०१५ होती, धडधाकट मांजरीची सहसा १.०३५च्या वर असते. अर्थात एवढ्यावरून लेप्टो ठरत नाही. म्हाताऱ्या मांजरीचं मूत्रपिंड थकलं तरी हेच आकडे येतात.

म्हणून पीसीआर, म्हणजे नमुन्यात जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी. इथेच बहुतेकांचं चुकतं: आधी अँटिबायोटिक टोचतात, मग नमुना घेतात, आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला की निवांत होतात. रक्त आणि लघवी, दोन्ही औषधाआधी घ्यायला सांगा. सुरुवातीच्या दिवसांत जंतू रक्तात सापडतो, नंतर लघवीत, आणि लागण नेमकी कधी झाली हे आपल्याला ठाऊक नसतं. नमुने बर्फाच्या डब्यात जातात, पण गोठू द्यायचे नाहीत. सोबत अँटिबॉडीची (जंतूविरुद्ध शरीर रक्तात तयार करतं त्या प्रथिनांची) तपासणी, तीही दोनदा, २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने. रक्तातला पाण्यासारखा भाग किती पट पातळ केला तरी अँटिबॉडी दिसते, तो हा आकडा; १:१०० चं १:४०० झालं, म्हणजे चौपट वाढ, तर लागण ताजी. नुसत्या एका आकड्यावरून मांजरीची या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच कळतं. तोवर मांजर खायला लागलेली असते, म्हणून दुसरा नमुना कोणी देतच नाही.

उलट्या होत्या तोवर सलाईन आणि अँपिसिलिनची इंजेक्शनं. मग डॉक्सिसायक्लिन, किलोला ५ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, १४ दिवस. ३ किलोच्या मांजरीला एका वेळी १५ मिलिग्रॅम; माणसाची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल फोडून अंदाजाने देऊ नये. गोळी दिली की लगेच सिरिंजने ५-६ मिली पाणी पाजायचंच. कोरडी गोळी मांजरीच्या अन्ननलिकेत अडकून जखम करते, पुढे नळी आकसते आणि लेप्टोपेक्षा तेच निस्तरणं अवघड होतं. दुधातून दिली तर औषध नीट शोषलं जात नाही. अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉल मात्र कधीच नाही, मांजरीला ते विष आहे.

सफाई हातमोजे घालूनच. लघवी आधी पुसून घ्या, नंतर १ भाग ब्लीचला ९ भाग पाणी घेऊन फरशीवर १० मिनिटं राहू द्या. लघवीवरच ब्लीच ओतलं तर डोळे झोंबवणारा विषारी वायू निघतो. घमेलं धुऊन कडक उन्हात वाळवा, कोरडेपणात हा जंतू टिकत नाही. घरात कोणाला ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरांना मांजरीचं आधी सांगा. कुत्र्याची लेप्टोची लस मांजरीसाठी नाही, तेव्हा कापसाच्या खोलीतली उंदरांची बिळं बुजवायला घ्या.