लेकीचं वाचनालयाचं कार्ड आणि तेरची दुसरी चक्कर : माझा अनुभव

सगळ्यात आधी एकच सांगते, कुठंही अर्ज दिला की पोच घ्या. दोन कॉप्या काढायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर सही, शिक्का, तारीख घेऊनच बाहेर पडायचं. मी पतसंस्थेत काउंटरला बसते, दिवसभर लोकांना पोच देते, आणि लेकीच्या कामाला गेले तेव्हा समोरच्यांनी "ठेवा की बाई, बघतो" म्हणलं म्हणून अर्ज टेबलावर ठेवून आले. तो अर्ज पुन्हा कुणालाच सापडला नाही. त्यात तीन आठवडे गेले, आणि त्याच तीन आठवड्यांत धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाची आमची पहिली चक्कर झाली, जी मला अजून सलते.

आमची मोठी चौथीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. वाचायची आवड तिला सरांनी लावली, माझं त्यात काही नाही. सर शनिवारी शेवटच्या तासाला काहीतरी वाचून दाखवतात, आणि जूनमधे त्यांनी कुणाच्या तरी प्रवासाचं वाचलं. त्या दिवशी घरी आल्या आल्या दप्तर काढायच्या आधी मला विचारती, "मम्मी, ते खरंच गेले होते का तिथं?" म्हणलं हो, प्रवासवर्णन म्हणजे जाऊन आलेल्या माणसानंच लिहिलेलं असतं. तेव्हापासून राजा-राणी, कोल्हा-करकोचा सगळं बाजूला पडलं. प्रत्येक पुस्तकाला तोच प्रश्न, हे खरं जाऊन आलेत का. रात्री भाकरी करताना ती ओट्याच्या कडेला बसून मोठ्यानं वाचती आणि बारका मधेमधे "पुढं काय" म्हणत राहतो, आमच्या घरात सध्या टीव्ही कमी लागायचं खरं कारण हेच.

पण पुस्तकं आणायची कुठून? आमचं तालुक्याचं गाव, पुस्तकाचं दुकान म्हणजे वह्या, गाईड आणि नवनीत. म्हणून म्हणलं गावातल्या वाचनालयात तिच्या नावानं कार्ड काढू. फॉर्म, दोन फोटो, आधारची झेरॉक्स, अनामत, जुन्या सभासदाची जामीनदार म्हणून सही, हे सगळं दोन संध्याकाळी झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. (जामीनदार शोधत बसू नका, तुमच्या गल्लीत एखादे रिटायर गुरुजी असतातच आणि ते नक्की सभासद असतात.) गुलाबी कार्डावर तिचं पूर्ण नाव आलं, पुढं "बालसभासद". तिनं त्याला वहीचं प्लॅस्टिक कव्हर घातलं आणि बारक्याला हात लावू दिला नाही.

खरं काम तिथून अडलं.

पहिल्या दिवशी गेलो तर बालविभागाच्या कपाटाला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडं ते फक्त शनिवारी येतात. शनिवारी गेलो, कपाट उघडलं, आत दीडेकशे पुस्तकं असतील, सगळी पातळ, बोधकथा, सुविचार आणि थोरांची बत्तीस पानी चरित्रं. वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण लेकीनं सगळी एकेक बघितली आणि मागं फिरली. आणि देवघेव काउंटरच्या शेजारच्या काचेच्या कपाटासमोर जाऊन उभी राहिली, त्याच्यावर पांढऱ्या रंगात "प्रवासवर्णन" लिहिलेलं. तिला ते वाचता आलं ना! काचेला नाक लावून एकेक पाठ वाचत होती. त्यात एक जाडसर पुस्तक होतं, आपल्या मराठवाड्यातली जुनी ठिकाणं एसटीनं आणि पायी हिंडून कुणीतरी लिहिलेलं. ती म्हणली, हे.

ग्रंथपाल म्हणले, "ते मोठ्यांचं कपाट आहे."

म्हणलं, "तिला वाचता येतंय की, सर."

"वाचता येऊ द्या हो. बालसभासदाला बालविभागातलंच मिळतंय. नियम आहे बाई, ते बघा." भिंतीवर खरंच पाटी होती, "बालसभासदांना फक्त बालविभागातील पुस्तके मिळतील".

"मंग काय करायचं?"

"तुम्ही तुमच्या नावावर सभासद व्हा आन् घेऊन जा. तिला घरी वाचू द्या, कोण बघायलंय?"

सल्ला चुकीचा नव्हता, आणि खरं सांगते, मी पर्समधे हात घातला होता. तेवढ्यात लेक म्हणली, "मंग माझं कार्ड कामून काढलं?" मी हात बाहेर काढला. घरी येईस्तोवर ती एक शब्द बोलली नाही. त्या रात्री मी अर्ज लिहिला, तोच तो हरवलेला अर्ज.

नंतरचे तीन आठवडे आठवले तरी अंगावर येतं. माझं सुटायचं साडेपाचला, वाचनालय आठला बंद, मधे बारक्याला अंगणवाडीताईंच्या घरून आणायचं, दूध, भाजी, कणीक. या सगळ्यातून वेळ काढून मी चारदा गेले. एकदा ग्रंथपाल जिल्ह्याला मीटिंगला. एकदा लाईट नव्हती. एकदा म्हणले सचिवांकडं दिलाय, आणि सचिव भेटल्यावर म्हणले माझ्याकडं कुठला अर्ज? दरवेळी लेक सोबत, कार्ड हातात, आणि दरवेळी ती त्या काचेपाशी जाऊन पुस्तक जागेवर आहे का बघून यायची. ते जागेवरच असायचं. कुणी नेतच नव्हतं! मला सगळ्यात जास्त संताप याचाच आला. एखादं पुस्तक सगळ्यांना पाहिजे आहे, नंबर लागलाय, तर मी शिकवलं असतं की थांबावं लागतं. इथं पुस्तक रिकामं, पोरगी रिकामी, आणि मधे एक पाटी.

तेवढ्यात श्रावणात सासूबाईंना तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला जायचं होतं. मुरूड, ढोकी करत एसटीनं गेलो. बायकांना अर्धं तिकीट असतं आणि लेक बारा वर्षांच्या आतली, म्हणून तिचंही अर्धं, दोघींचं मिळून एक फुल तिकीट होतं, हे तिनंच हिशोब करून सांगितलं. तेरणेच्या काठी मंदिर, दर्शन झालं, गोरोबांनी थापटण्यानं संतांची डोकी कच्ची की पक्की तपासल्याची गोष्ट सासूबाईंनी नातवंडांना तिथंच पायरीवर बसून सांगितली, भजी खाल्ली, चारच्या गाडीनं परत. छान झाली चक्कर असं मला वाटलं होतं.

आता तो पोचेचा भाग. दुसऱ्यांदा अर्ज दिला तो दोन कॉप्यांत आणि सही घेऊन. आमच्या ऑफिसातल्या एका सरांचा भाऊ खेड्यात वाचनालय चालवतो, त्यांनी मला समजावून सांगितलं म्हणून मला हे कळलं, नाहीतर मी नुसतीच चिडत बसले असते. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा 1967 चा कायदा आहे, त्याखाली मान्यता असलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्याप्रमाणं शासनाचं अनुदान, आणि त्यांच्यावर जिल्हा ग्रंथालय अधिकारी असतात. म्हणजे विचारायला जागा आहे. पण ते म्हणले थेट वर जाऊ नका ताई, आधी नियमावली मागा. छापलेली नियमावली, पाटी नाही.

हे लक्षात ठेवा. पाटी म्हणजे नियम नाही. मी मागितली, त्यांनी दोन दिवसांनी एका फायलीतून काढली, पिवळी पडलेली चार पानं, आणि त्यात बालसभासदाबद्दल एवढंच होतं की एका वेळी एक पुस्तक आणि मुदत पंधरा दिवस. कुठल्या कपाटातलं, याच्यावर एक अक्षर नाही. पाटी कुणी, कधी रंगवली ते कुणालाच सांगता येईना.

ग्रंथपालांनी ती पानं माझ्यासमोर दोनदा वाचली. मग खुर्ची ओढून मला बसा म्हणले आणि पहिल्यांदा नीट बोलले. त्यांचं म्हणणं होतं की जुनी पुस्तकं परत मिळत नाहीत, पोरं पानं फाडतात, तपासणीला आले की दाखल नोंदवहीतला एकेक क्रमांक जुळवून दाखवावा लागतो आणि पुस्तक नसलं की जबाब ह्यांनी द्यायचा. आणि अशा वाचनालयांतले पगार किती तोकडे असतात हे आपल्याला माहितीच आहे. मला त्यांची अडचण पटली. मी म्हणलं, पुस्तकाची जबाबदारी मी सही करून घेते, हरवलं तर किंमत भरते, तसं लिहून द्या. तेच मी अर्जात वाढवलं, आणि तिथून काम हललं. रागानं चार चकरा मारल्या त्यापेक्षा ही एक ओळ जास्त उपयोगी पडली, तुम्ही पहिल्याच अर्जात टाका : "पुस्तकाची जबाबदारी पालक म्हणून माझी राहील."

तरी कार्यकारी मंडळाच्या बैठकीपर्यंत थांबावं लागलं, ती एकदा पुढं ढकलली गेली, आणि ऑक्टोबरात मंजुरी आली. पालकाची सही असेल तर बालसभासदाला काचेच्या कपाटातलं एक पुस्तक मिळेल. फक्त माझ्या लेकीला नाही, सगळ्या पोरांना. मला त्या दिवशी पगारवाढ झाल्यासारखं वाटलं.

(मधल्या काळात काय वाचायचं असं कुणाला वाटत असेल तर बालभारतीच्या किशोर मासिकाचे जुने अंक 1971 पासूनचे त्यांच्या साईटवर फुकट आहेत, आणि मराठी विश्वकोशही ऑनलाईन आहे. आम्ही मोबाईलवर वाचले. पण पोरांना हातात पुस्तक लागतंच, मोबाईल दिला की दहा मिनिटांत दुसरंच काहीतरी उघडतंय.)

पुस्तक घरी आलं, तिनं अनुक्रमणिका बघितली, आणि पहिलं तेर काढलं. ओट्याशी बसून वाचायला लागली आणि थोड्या वेळानं गप्प झाली. मग म्हणली, "मम्मी, आपण काहीच बघितलं नाही."

तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची जी नोंद लिहून ठेवली तिच्यात आपल्या या तेरचं नाव आहे, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, तिथून कापड, मलमल गाड्यांत भरून गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचं. गावात विटांचं त्रिविक्रमाचं मंदिर आहे, मागून अर्धगोल, छत हत्तीच्या पाठीसारखं, अभ्यासक ते मुळात बौद्ध चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनेचं ठिकाण मानतात. आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचं सरकारी म्युझियम. आम्ही त्याच गावात भजी खात बसलो होतो आणि परत आलो होतो! पुस्तक तेव्हा काचेमागं रिकामं पडलं होतं, आमच्या गावापासून तेरपर्यंतच्या तिकिटाइतकंसुद्धा लांब नाही, पंधरा मिनिटांच्या चालीवर.

दिवाळीच्या सुट्टीत परत गेलो, या वेळी मी, लेक, बारका आणि हे. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या दप्तरात. ढोकीच्या पुढं रस्ता खराब, तरी ती मोठ्यानं वाचत होती आणि मागच्या सीटवरचे एक आजोबा पुढं वाकून ऐकत होते, ते तेरचेच निघाले, त्यांनी मंदिराकडं कुठून वळायचं ते सांगितलं. पैठणपासून दहा दिवस म्हणजे बैलगाडी दिवसाला किती चालली, हे तिनं तिच्या पप्पांना विचारलं, त्यांनी दोनशेच्या आसपास किलोमीटर धरलं, मग तिचं उत्तर वीस. बारक्यानं विचारलं, बैल रात्री झोपायचे कुठं. कुणालाच सांगता आलं नाही.

म्युझियममधे शंखाच्या बांगड्या, मणी, मातीच्या मूर्ती बघत ती पुस्तक उघडं ठेवूनच फिरली. तेरला एक हस्तिदंती बाहुली सापडलेली आहे आणि तसलीच एक इटलीत पॉम्पेईला, इसवी सन 79 मधे ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या गावात, हे तिनं मला वाचून दाखवलं. मग विचारलं, "तिकडं आपल्या इथून कुणीतरी खरंच गेलं होतं ना?" म्हणलं हो.

एक राहिलंच, मुदतवाढ. पंधरा दिवसांत जाड पुस्तक लेकरांचं होत नाही. मुदत संपायच्या आदल्या दिवशी पुस्तक घेऊन जायचं आणि नवीन तारीख टाकून घ्यायची, फोनवर करत नाहीत. आमच्या पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर आता लागोपाठ तीन तारखा आमच्याच आहेत, त्याच्या वरची तारीख 2011 ची. तीन झाल्या की जमा करावंच लागतं, म्हणून नळदुर्ग किल्ल्याचं प्रकरण ती वहीत उतरवून घेतीय, बोरी नदी, पाणीमहाल, नर-मादी धबधबा सगळं. धबधबा पाणी भरपूर असलं तरच पडतो, त्यामुळं पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबायचंय. वही मात्र आत्ताच दप्तरात गेलीय.