हिरव्या ऑलिव्हचा झटपट सॉस: सांबारापासून कैरीपर्यंत

हिवाळ्यात सुरू केलेले प्रयोग आता कैऱ्यांच्या दिवसांपर्यंत आले आहेत. मधल्या काळात कृती बरीच बदलली, पण एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली. या सॉसमध्ये मीठ, आंबटपणा आणि स्निग्धपणा हे तिन्ही ऑलिव्हच घेऊन येतं, म्हणून बाकीचा प्रत्येक जिन्नस ऑलिव्ह चाखल्यावरच ठरवायचा. पेस्टोत, म्हणजे बेसिलच्या इटालियन हिरव्या सॉसमध्ये, पाल्याला मान असतो. इथे पाला ऑलिव्हच्या सोबतीला असतो. सॉसला गॅस लागत नाही आणि पास्ता शिजेपर्यंत तो तयार होतो, म्हणून नोकरीवरून आल्यावर रात्री करायला मला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही सापडलेलं नाही.

ऑलिव्ह निवडताना

झाडावरून काढलेलं हिरवं ऑलिव्ह तोंडात धरवत नाही इतकं कडू असतं. हा कडूपणा ओल्युरोपिन नावाच्या द्रव्याचा. स्पॅनिश पद्धतीत ही फळं आधी कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात काही तास ठेवतात, मग धुऊन मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने आंबवतात. त्या मुरण्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं, आणि बरणी उघडल्यावर येणारा आंबूस वास त्याचाच. फळाचा ताजा हिरवा रंग जाऊन मळकट पिवळसर हिरवा होतो तोही या आम्लामुळेच: क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम आम्लात निघून जातं. हे लक्षात ठेवा, पाल्याच्या वेळी कामी येईल.

नागपुरात धरमपेठेतल्या आणि सीताबर्डीवरच्या दुकानांतून मी आणलेल्या बरण्या स्पेनच्या होत्या. त्यांत चार प्रकार दिसतात: बीसकट, बी काढलेली, लाल मिरचीचं सारण भरलेली आणि चकत्या केलेली. चकत्या पिझ्झासाठी ठीक. त्यांचं प्रत्येक अंग मिठाच्या पाण्यात भिजलेलं असतं, त्यामुळे त्या मऊ आणि फार खारट लागतात. बीसकट फळाचा गर घट्ट राहतो, चावताना जाणवतो, आणि मीठही बेताचं असतं. बी काढायला अवजार लागत नाही. स्टीलच्या वाटीच्या बुडाने फळ दाबलं की ते फुटतं आणि बी बोटांनी निघते. भाव बघताना मात्र बरणीचं एकूण वजन बघू नका. पाणी काढल्यानंतरचं वजन लेबलवर वेगळं दिलेलं असतं, आणि ते वाचल्यावर कित्येकदा मोठी बरणीच महाग पडते.

सिसिलीचं नोचेल्लारा जातीचं, कास्तेलवेत्रानो पद्धतीचं ऑलिव्ह या सॉसला सगळ्यात छान, कारण ते कमी आंबट आणि लोण्यासारखं मऊसर असतं. पण त्याची किंमत रोजच्या जेवणाला झेपत नाही, म्हणून इथली सगळी प्रमाणं साध्या स्पॅनिश बरणीची आहेत. डब्यातली काळीभोर ऑलिव्ह मात्र नकोत. ती बहुतेक वेळा हिरवीच फळं असतात, सोड्यात आणि हवेत काळी केलेली आणि लोहाच्या क्षाराने रंग पक्का केलेली. त्यांत मुरल्याची चव नसते.

गर काढल्यावर तो साध्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवायचा, निथळायचा, आणि एक तुकडा खाऊन बघायचा. हा तुकडा सांगेल की लिंबू किती आणि मीठ घालायचं की नाही. अजून एकदाही मला सॉसमध्ये वेगळं मीठ घालावं लागलेलं नाही.

हिवाळा: सांबार

इटालियन कृतींत पार्स्ली असते. इथे हिवाळ्यात ती कुंडीत बरी येते, पण थंडी सरली की तिचा जोर संपतो. मग जो पाला आपल्याकडे जुडीने मिळतो तो का सोडायचा? गोकुळपेठेच्या बाजारात डिसेंबर-जानेवारीत सांबार (पुण्या-मुंबईकडच्यांसाठी कोथिंबीर) इतका कोवळा असतो की देठसुद्धा टाकवत नाही. तिथल्या भाजीवाल्या काकू जुडी हातात देताना म्हणतात, “देठासकट घ्या ताई, चव तिथंच हाय.” त्यांचं अगदी खरं आहे. या सॉसला देठच हवेत. पानं मऊ पडतात, देठ कुरकुरीत राहतात आणि ऑलिव्हच्या जाड चवीपुढे टिकतात.

पाला किती घालायचा यावर बराच वेळ गेला. ऑलिव्हच्या वजनाइतका सांबार घातला की ती सांबाराची चटणी होते, चांगली चटणी, पण पास्त्यावर एकसुरी लागते. आता मी ऑलिव्हच्या एक तृतीयांश वजनाच्या आसपास थांबते. त्यात पुदिन्याची सात-आठ पानं. पुदिना जास्त झाला की ऑलिव्हचा आंबूसपणा औषधी वाटायला लागतो.

रंगाबद्दल. कच्चा पाला आणि लिंबाचा रस एकत्र करून ठेवला की तासाभरात हिरवेपणा उतरतो. कारण वर आलंच आहे, ऑलिव्हच्या बाबतीत बरणीत जे घडतं तेच इथे वाटीत घडतं. म्हणून लिंबू सगळ्यात शेवटी, ताट वाढताना. डब्यासाठी सॉस करायचा असेल तर पाला उकळत्या पाण्यात दहा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकते आणि घट्ट पिळून घेते. रंग दुसऱ्या दिवशीही टिकतो, वास मात्र निम्मा होतो. घरी लगेच जेवायचं असेल तर मी कच्चाच वापरते.

संत्र्याची साल

या हंगामातली सगळ्यात आनंदाची भर हीच. सिसिलीत संत्रं आणि ऑलिव्ह एकत्र खाण्याची जुनी रीत आहे, आणि आपण तर संत्र्यांच्या गावात राहतो. आंबिया बहाराची फळं डिसेंबरपर्यंत असतात, मग फेब्रुवारीच्या सुमारास मृग बहाराची येतात, म्हणजे थंडीभर आणि त्यानंतरही साल मिळत राहते. कळमन्याच्या बाजारातून आलेल्या फळांत घट्ट सालीची निवडून घ्यावीत. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, म्हणून सोलायच्या आधीच अख्खं फळ बारीक किसणीवर हलक्या हाताने फिरवायचं. फक्त नारिंगी थर घ्यायचा, खालचा पांढरा भाग कडू असतो. फळावर मेण लावलेलं असू शकतं, त्यामुळे आधी कोमट पाण्याने चोळून धुवा.

अर्धा लहान चमचा कीस पुरतो. तो घातल्यावर सांबाराचा वास एकदम मोठा झाला, हे माझ्या घरच्या सगळ्यांच्या लक्षात आलं. शोधल्यावर कारण समजलं: डेकॅनल नावाचं सुगंधी द्रव्य सांबाराच्या पानांतही असतं आणि संत्र्याच्या सालीच्या तेलातही. दोन्हीकडून तोच सूर मिळतो. पार्स्ली घालून केलेल्या सॉसला संत्र्याने इतका फरक पडत नाही, तिथे लिंबाची सालच बरी.

चारोळी की जवस

सॉसला अंग यायला काहीतरी बी हवं. बदाम आणि अक्रोड दोन्ही चालतात, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चारोळी मात्र करून बघाच. पूर्व विदर्भाच्या जंगलांतून येणारी, इतवारीत सुटी मिळणारी चारोळी मंद आचेवर नुसती कोमट होईपर्यंत परतली तर तिचा दुधाळ गोडवा ऑलिव्हच्या खारटपणाला बरोबर तोलून धरतो. पाइन नट्सच्या जागी मला ती जास्त आवडली. खरेदी करताना दोन दाणे चावून बघा, कारण जुन्या चारोळीला खवट वास येतो आणि तो कशानेही झाकला जात नाही.

जवस भाजून, कुटून घातला की सॉस विलक्षण मिळून येतो. जवसाच्या सालीत पाणी धरणारा चिकटसर अंश असतो, त्यामुळे तेल आणि पाणी वेगळं होत नाही. पण एका चमच्याच्या वर गेलं की जवसाची चटणी खातोय असं वाटतं, आणि आम्हा वैदर्भीयांना ती चव इतकी ओळखीची की ऑलिव्ह मागे पडतं. अर्धा चमचा जवस आणि बाकी चारोळी, हे मिश्रण सध्या ठरलं आहे.

चीज मी काढून टाकलं. दोन खारट पदार्थ एकमेकांना दाबतात. त्याऐवजी शिळ्या पावाचा चुरा चमचाभर तेलात लसणाबरोबर कुरकुरीत परतून वरून घालते. दक्षिण इटलीत हे सर्रास करतात, आणि ताटात त्याचा आवाजही छान येतो.

पाटा, मिक्सर, सुरी

मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात सगळं एकदम फिरवलं की सॉस लगद्यासारखा होतो, आणि एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल जोरात फिरलं की त्याचा कडवटपणा वर येतो. मिक्सर वापरायचाच असेल तर थांबून थांबून फिरवा आणि तेल बाहेर, वाटीत, चमच्याने मिसळा.

पाट्यावर वाटलेल्या सॉसची चव सगळ्यात गोलाईदार. लसूण आणि चारोळी वरवंट्याखाली आधी वाटायची, मग ऑलिव्ह नुसतं चेचायचं. पण पाटा काढणं, धुणं हे झटपट या शब्दात बसत नाही. म्हणून रोजच्यासाठी सुरी. लसूण आणि चारोळी खलबत्त्यात कुटते, ऑलिव्ह आणि पाला मोठ्या सुरीने फळीवर बारीक करते. काही तुकडे वाटाण्याएवढे राहू देते. प्रत्येक घासाला थोडं वेगळं लागलं पाहिजे.

लसणाचं एक तंत्र फार उपयोगी पडलं. लसूण लिंबाच्या रसातच ठेचायचा आणि दहा मिनिटं तसाच ठेवायचा. ठेचल्यावर तिखट झणका तयार करणारं जे विकर असतं ते आम्लात मंद पडतं, त्यामुळे लसणाची चव राहते आणि जीभ जळत नाही. सगळ्यात शेवटी घालायचा लिंबाचा रस हाच.

पास्ता आणि त्याचं पाणी

पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला आहे ना ते बघा. आपला बन्सी गहूही ड्युरमच. मैद्याचा पास्ता लवकर मऊ पडतो आणि या खडबडीत सॉसला दमदार पास्ता हवा. आकार पीळदार घ्या, फुसिली उत्तम, कारण पिळांत तुकडे अडकतात.

एरवी एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम मीठ घालतात. इथे मी पाच-सहा ग्रॅमवर थांबते. पाणीही नेहमीपेक्षा कमी घेते, म्हणजे त्यात पिठाचा अंश दाट उतरतो. पास्ता निथळायच्या आधी वाटीभर पाणी काढून ठेवायचं, गॅस बंद करायचा, आणि गरम पास्त्यात सॉस घालून दोन-तीन पळ्या पाणी टाकत जोरजोरात ढवळायचं. अर्ध्या मिनिटात पाणी आणि तेल एकजीव होतं आणि पास्त्यावर चकाकी येते. सॉस आचेवर ठेवू नका, पाला लगेच काळवंडतो.

सध्याचं प्रमाण, दोघांसाठी

पास्ता 200 ग्रॅम. बी काढून निथळलेलं ऑलिव्ह 100 ग्रॅम, सांबार देठासकट 30 ग्रॅम, पुदिना सात-आठ पानं, लसणाची एक लहान पाकळी, चारोळी 20 ग्रॅम, भाजलेल्या जवसाची पूड अर्धा चमचा, ऑलिव्ह तेल 45 मिली, लिंबाचा रस एक लहान चमचा, संत्र्याच्या सालीचा कीस अर्धा लहान चमचा. एक हिरवी मिरची बिया काढून. भिवापुरी लाल मिरचीचे तुकडे तेलात फुलवून वरून घातले तर रंग देखणा येतो, तिखट झेपत असेल तर जरूर घाला.

उरलेला सॉस काचेच्या बरणीत, वर तेलाचा थर देऊन, फ्रिजमध्ये तीन दिवस. बाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि कच्च्या लसणात तिथे घातक जंतू वाढू शकतात. फ्रिजमध्ये तेल गोठल्यासारखं होतं, ते आपोआप सुटतं, गरम करायला जाऊ नका.

आता, उन्हाळ्यात

संत्री संपत आली, सांबार महाग आणि जून झाला. बदल असा: लिंबू आणि संत्र्याची साल दोन्ही काढून कोवळी कैरी, सालीसकट बारीक चिरून, दोन मोठे चमचे. आंबटपणा मिळतो आणि ऑलिव्हच्या मऊ गराशेजारी करकरीत तुकडे येतात. पाल्यात पुदिना थोडा वाढवला आणि गच्चीत सावलीला ठेवलेल्या कुंडीतली सब्जाची पानं घेतली. सब्जा आणि इटालियन बेसिल एकाच जातीची झाडं, फक्त आपल्याकडच्या सब्ज्याचा वास जास्त लवंगी असतो, म्हणून पाच-सहा पानांवर थांबावं. कैरीचा हा सॉस मला हिवाळ्यातल्या सॉसइतकाच आवडू लागला आहे.

पारा पंचेचाळिशीकडे गेला की स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. त्यासाठी पास्ता उकळत्या पाण्यात टाकून, ढवळून, दोन मिनिटं उकळू देते आणि घट्ट झाकण लावून गॅस बंद करते. पाकिटावरच्या वेळेपेक्षा एखादं मिनिट जास्त लागतं, इतकंच. सॉस तेवढ्या वेळात पंख्याखाली बसून चिरता येतो. आणि हा पास्ता गार झाल्यावरही चांगला लागतो, फक्त थोडं पाणी राखून ठेवा आणि वाढताना पुन्हा हलवा.

पुढचा प्रयोग पावसाळ्याचा. शेपू कोवळा मिळाला की ऑलिव्हबरोबर तो बघायचा आहे. त्याशिवाय केपर्सच्या (खारवलेल्या आंबट-खारट कळ्यांच्या) जागी काहीतरी आपलं हवं आहे. मारवाडी घरांत केराचं लोणचं असतं, ते त्याच कुळातलं. पण मनात आहे ती वाघाटी, आषाढी द्वादशीच्या भाजीची. तीही केपरच्याच कुळातली. फळं चिरून, बिया काढून, उकडून कडूपणा उतरवायचा आणि मग मिठाच्या पाण्यात मुरवायची असा बेत आहे. कुणी वाघाटी मुरवली असेल तर मिठाचं प्रमाण आणि किती दिवस ठेवली ते जरूर कळवा, म्हणजे आषाढाच्या आधी बरण्या तयार ठेवता येतील.