सुरीला बोटाची खाच हवी का? कुळागरासाठी सुरी घडवून घेतानाचा माझा अनुभव

कमरेला लावायची, न दुमडणारी सुरी लोहाराकडून घडवून घ्यायची ठरवली, तेव्हा पोलाद कुठलं आणि मूठ कशाची हे पटकन ठरलं. अडलो ते एका अर्धगोल खाचेपाशी. पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून, तर्जनी बसेल एवढी बिनधारेची खाच ठेवतात, तिला फिंगर चॉइल म्हणतात. बोट त्यात घालून सुरी पुढे सरकवून धरली की हात टोकाजवळ येतो आणि बारीक काम ताब्यात राहतं, असं तिचं समर्थन करतात. बाजारात येणाऱ्या परदेशी धाटणीच्या बऱ्याच सुऱ्यांना ती असते. माझ्या सुरीला ती ठेवायची की नाही, हे मला कामातूनच ठरवायचं होतं.

आमचं कुळागर, म्हणजे पोफळींची बागायत, गोव्यातल्या फोंडा तालुक्यात. पोफळी, केळी, पोफळींवर चढवलेली मिरी आणि वरच्या अंगाला काजू. तोडायचं काम कोयता करतो, त्याच्या वाटेला सुरीने जायचं नाही. सुरीच्या वाटेला येतं ते उरलेलं सगळं: काथ्याचे दोर, केळीची पानं, खताच्या गोणीची शिवण, काजूची कलमं, आणि घरी आल्यावर कधी बांगडे. माझ्याकडे आधीपासून विकत घेतलेली, चांगली मोठी खाच असलेली एक सुरी होती. पातं दहा सेंटिमीटर. नवी घडवण्याआधी तीच सगळ्या कामांना लावली, काजूच्या हंगामापासून थेट पावसाळाभर, आणि खाच कुठे कामी येते नि कुठे आड येते हे बघत राहिलो.

सगळ्यांत जास्त कळलं ते कलमं करताना. काजूचं मृदुकाष्ठ कलम करायचं तर पेन्सिलीएवढी कलमकाडी खालून दोन्ही बाजूंनी तिरपी तासून चार-पाच सेंटिमीटरची पाचर करावी लागते. तासलेली बाजू अगदी सपाट हवी, म्हणजे रोपाच्या चिरेत ती बसल्यावर दोन्हींच्या सालीखालचा जिवंत थर एकमेकांना चिकटतो. मध्ये फट राहिली की कलम वाळलंच. सपाट काप एकाच ओढीत येतो. काडी पात्याच्या बुडाशी टेकवायची आणि टोकापर्यंत एका दमात ओढत न्यायचं. खाचेच्या सुरीवर काडी बुडाशी टेकवायला गेलं की ती खाचेत उतरायची. मग सुरुवात दोन सेंटिमीटर पुढून करायची, म्हणजे ओढ तेवढी आखूड. शिवाय जोर लावायची सगळ्यांत चांगली जागा मुठीलगतच असते. मुठीच्या तोंडापासून एक सेंटिमीटरवर कापताना मनगटावर जेवढा पीळ येतो, त्याहून जास्त तो तेवढ्याच जोराला तीन सेंटिमीटरवर येतो. ओल्या काडीला हे फारसं जाणवत नाही, सुकलेल्या काजूच्या फांदीची खुंटी तासताना मात्र हात लगेच सांगतो.

यावर खाचेच्या बाजूने एक उत्तर असतं: बोट खाचेत घाला, मग धार बोटाला लागूनच सुरू होते. खरं आहे. पण तेव्हा निम्मा हात मुठीवर आणि एक बोट पोलादावर असतं. खाच नसती तर तीच जवळीक सगळा हात मुठीवर ठेवून मिळाली असती. लहान पात्यात खाच जे देते ते तिनेच आधी काढून घेतलेलं असतं. माझं मत इथेच पक्कं व्हायला लागलं.

काथ्याच्या दोराने त्यावर शिक्का मारला. मिरीची वेल पोफळीला बांधून झाल्यावर उरलेला दोर आपण सुरी स्वतःकडे ओढून कापतो. त्या ओढीत दोर धारेवरून मागे घसरतो आणि नेमका खाचेत जाऊन बसतो. तिथे धार नाही. दोर कापला जाण्याऐवजी ओढला जातो, सोबत नाजूक वेलही हिसडते. केळीच्या सोपटाचे धागेही तसेच अडकतात. पावसात आणखी एक गोष्ट दिसली. केळीचा चीक, काजूच्या बोंडाचा रस, माशाची खवलं हे सगळं खाचेच्या कोपऱ्यात साठतं. पातं फडक्याने एका हातात पुसून होतं, खाच पुसायला फडक्याचं टोक पिळून आत घालावं लागतं. आपल्या हवेत साध्या पोलादाचा गंज पहिल्यांदा तिथेच धरतो.

खाचेचा फायदा कधी झालाच नाही असं नाही. बांगड्याचे कल्ले काढताना, गोणीच्या शिवणीतला एकच दोरा उचलताना बोट खाचेत घालून टोक छान फिरवता आलं. पण तेच काम पातं अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरूनही होतं, स्वयंपाकघरात मोठी सुरी तशीच तर धरतात. ओल्या हाताचा प्रश्न मला जास्त गंभीर वाटतो. खाचेतल्या बोटाच्या आणि धारेच्या मध्ये पोलादाचं इवलंसं टोक असतं. हात निसटला तर तेवढ्यावर विसंबायचं.

मग मी आजूबाजूची हत्यारं नीट बघितली. माडावर सूर, म्हणजे माडी, काढणाऱ्या रेंदेराची काती बघा. रोजच्या रोज पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, तासायची, तीही माडाच्या शेंड्यावर बसून, इतकं नाजूक काम, पण तिला बोटाची खाच नाही. फिनलंडची पुक्को, स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्या लाकूड तासायलाच वापरतात, आणि त्यांची धार जवळजवळ मुठीपासूनच सुरू होते. खुकरीला बुडाशी खाच असते खरी, पण ती इतकी लहान की बोटाचा तिच्याशी संबंध नाही.

लोहाराकडे जाताना प्लायवूडचे दोन नमुने कापून नेले, एक खाचेचा, एक बिनखाचेचा. मेस्त्रींनी दोन्ही हातात घेतले, खाचेत बोट घातलं, काढलं आणि म्हणाले, "बोट पात्यावरच ठेवायचं तर मूठ कशाला करून घेता?" मी त्यांना कलमाचं सांगितलं, त्यांनी बिनखाचेचा नमुना ऐरणीजवळ ठेवून घेतला.

पोलाद ट्रकच्या कमानीच्या पाट्याचं. आमच्याकडे खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद पडल्या, खाणीवरचे किती तरी ट्रक दारात उभे राहून भंगारात गेले, त्यामुळे असे पाटे इथल्या लोहारांना नवीन नाहीत. स्प्रिंगचं हे पोलाद चिवट असतं, पण जुन्या पाट्यात डोळ्याला न दिसणारी चीर असू शकते. म्हणून मेस्त्रींनी बोल्टच्या भोकापासून दूरचा तुकडा निवडला. तो ठोकून तीन मिलिमीटरपर्यंत आणला.

बोटाची खाच काढून टाकली तरी एक लहानशी खाच मी आग्रहाने ठेवून घेतली. धार जिथे संपते तिथे, मुठीच्या अलीकडे, चार मिलिमीटरची. ती बोटासाठी नाही, धार लावण्यासाठी आहे. ती नसली तर दगड धारेच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचत नाही, काही वर्षांत पुढची धार झिजते आणि मुठीजवळ बोथट कोंब उभा राहतो. मग सुरी फळीवर सपाट टेकत नाही. ही खाच पाणी पाजण्याआधीच, म्हणजे पातं तापवून एकदम थंड करून कडक करण्याआधीच करायची आणि गोलच करायची. आधी ड्रिलने भोक, मग तिथपर्यंत काप, मग गोल कानस. काटकोनी कोपरा ठेवला तर पातं थंड होताना ताण तिथेच जमतो आणि तडा जातो.

पाणी पाजायला मी पाण्याऐवजी तेल धरलं. मेस्त्री कोयत्यांना पाण्यातच पाजतात, पण इतकं पातळ पातं आणि हे पोलाद पाण्यात तडकण्याची भीती असते. तेल आधी हाताला चांगलं गरम लागेल इतकं तापवून घेतलं. पातं लाल झाल्यावर लोहचुंबक लावून बघत होतो. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला धरत नाही, त्याच्या थोडं वर नेऊन सरळ तेलात. थंड झाल्यावर कानस फिरवली तर ती नुसती घसरली, चावली नाही. मेस्त्री तेवढ्यावर समाधानाने हसले. मग ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. पात्यावर पिकल्या गवतासारखा पिवळसर रंग चढला.

मूठ जुन्या शिसवी खाटेच्या पायाची. तिच्या पुढच्या टोकाला खाली सहा मिलिमीटर उतरता उंचवटा ठेवलाय. हात पुढे घसरला तर तर्जनी त्यावर अडते. खाचेकडून जी सुरक्षितता मागतात ती मला इथे मिळाली, आणि धारेची एक रेघही गेली नाही. आता दहातले नऊ सेंटिमीटर कापतात. काडी बुडाशी टेकवली की तिथूनच सोलत निघते.

मात्र मोठ्या सुरीचा हिशेब वेगळा आहे, म्हणून सरसकट खाच नको असं मी म्हणणार नाही. फणस फोडायला, जाड फांद्या सवळायला अठरा सेंटिमीटरची दुसरी सुरी घडवायला दिलीय. पातं पाच मिलिमीटर जाड, वजन पुढे. त्यात दोन सेंटिमीटर गेले तर नववा हिस्सा जातो, दहातल्यासारखा पाचवा नाही, आणि बुडाशी तासायचं काम तिच्याकडून मी घेणारच नाही. एवढं लांब पातं एखाद्या बारीक कामाला लावायचं तर हात पुढे सरकवायला जागा लागतेच. तिथे बोटाची खाच ठेवतोय: माझ्या तर्जनीच्या मापाची, आतल्या कडा पॉलिश पेपरने गोल केलेल्या, आणि खाच संपते तिथून धार सुरू होईपर्यंत पाच मिलिमीटर जागा बोथटच. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. शेतीच्या आणि घरगुती अवजारांना त्यातून वगळलेलं आहे, तरी अठरा सेंटिमीटर म्हणजे जेमतेम सात इंच, आणि रुंदीही दीड इंचावर जाऊ द्यायची नाही असं मेस्त्रींना सांगून आलोय.