न चाललेल्या एक्स्टेन्शनच्या पास झालेल्या चाचण्या

फोंडा, रविवार, रात्री ११

आज दिवसभर पाऊस थांबला नाही आणि मीही संगणकासमोरून उठलो नाही. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर ब्राउझरमध्येच युनिकोडमध्ये बदलणारे माझे एक्स्टेन्शन दर बदलानंतर आपोआप तपासले जाते, अशी गेले दोन महिने माझी समजूत होती. सकाळी शंका आली म्हणून मॅनिफेस्टमधली, म्हणजे एक्स्टेन्शनची माहिती देणाऱ्या फाइलमधली, कंटेंट स्क्रिप्टची (पानात शिरून मजकूर बदलणाऱ्या कोडची) नोंदच काढून टाकली. आता एक्स्टेन्शनला कोणत्याही पानाला हात लावणे शक्य नव्हते, तरीही एकोणीसच्या एकोणीस चाचण्या पास झाल्या. पोटात गोळाच आला.

कारण शोधण्यात दुपार गेली. सर्व्हरवर चाचण्या हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडता चालतात, त्यामुळे टूलबारवर एक्स्टेन्शनचे चिन्ह आले की नाही हे कोणाच्या नजरेस पडत नाही. मी नेहमीचे क्रोम वापरत होतो आणि २०२५ मधल्या १३७ व्या आवृत्तीपासून त्यात सुरू होतानाच एक्स्टेन्शन चढवणारा ‘लोड-एक्स्टेन्शन’ हा स्विच चालत नाही; क्रोमियममध्ये, म्हणजे क्रोम ज्यावर बेतले आहे त्या मुक्त ब्राउझरमध्ये, तो चालतो. परंतु खरा दोष चाचण्यांच्या रचनेत होता आणि ती रचना माझीच. ब्राउझरमधली प्रत्येक चाचणी काय घडू नये एवढेच विचारत होती: युनिकोड मजकूर बदलू नये, इंग्रजी पानाला धक्का लागू नये, फॉर्ममध्ये लिहिलेले हलू नये. एक्स्टेन्शन मुळात नसेल तर यांतले काहीच घडत नाही! रूपांतराच्या चाचण्या होत्या, पण त्या ब्राउझरबाहेर, थेट फंक्शनवर चालत.

संध्याकाळी प्लेराइट या ब्राउझर-चाचणीच्या साधनाबरोबर येणारे क्रोमियम घेतले आणि एक्स्टेन्शनसाठी लागणारा पर्सिस्टंट कॉन्टेक्स्ट (स्वतःचे प्रोफाइल असलेले ब्राउझरचे सत्र) लावला. आता सर्वांत आधी सर्व्हिस वर्कर, म्हणजे एक्स्टेन्शनचा पडद्यामागे चालणारा भाग, सुरू होण्याची वाट पाहिली जाते, त्याच्या पत्त्यातून एक्स्टेन्शनचा आयडी घेतला जातो आणि तो मिळाला नाही तर पुढची एकही चाचणी चालत नाही.

त्यानंतर येते ‘शिरोडा’ची चाचणी: जुन्या फॉन्टमधला हा शब्द पानावर युनिकोडमध्ये बदललाच पाहिजे. मामांचे गाव म्हणून नव्हे, तर पहिल्याच अक्षराला ऱ्हस्व वेलांटी आहे म्हणून हा शब्द निवडला. जुन्या फॉन्टमध्ये ही वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते, त्यामुळे रूपांतर चुकले की वेलांटी ‘श’ला सोडून भलतीकडे जाते. मामांनी जपलेल्या जत्रेतल्या नाटकांच्या जुन्या पानांवर असे शब्द ओळीओळीला आहेत आणि ती पाने त्यांना वाचता यावीत म्हणूनच हा सारा खटाटोप आहे.

जेवणानंतर कंटेंट स्क्रिप्टची ती नोंद पुन्हा काढून पाहिली. सर्व्हिस वर्कर सापडला, मात्र ‘शिरोडा’ची चाचणी लगेच नापास झाली आणि मला हायसे वाटले. नोंद परत घालून सगळ्या चाचण्या नव्याने चालवल्या. मामांना नवी प्रत उद्या सकाळी पाठवीन.